माल पोचल्याची खात्री

थोरलीने एकोणीस वर्षं लोकांची बिलं चुकती केली. पैसे अर्थात तिचे नव्हते. एका मोठ्या डबाबंद खाण्याच्या कंपनीत ती हिशेब खात्यात तिसऱ्या टेबलावर बसायची आणि तिच्या टेबलासमोर एक लांब बाक होता. खोकी पुरवणारे, लेबलं छापणारे, ट्रकवाले, साफसफाईचे ठेकेदार, सगळे त्या बाकावर येऊन बसत. माल देऊन तीन-तीन महिने झालेले, बिलावर चारही सह्या झालेल्या, पण पैशाचा पत्ता नाही. "बाई, एवढं वरती सरकवा ना," असं म्हणून ते हात जोडत, आणि थोरली मान हलवत कागद चाळत राही. कोणता कागद कुठे अडतो आणि कुणाच्या सहीसाठी अडतो, हे तिच्याइतकं त्या इमारतीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग कंपनीने अख्खं हिशेब खातं दुसऱ्या शहरात हलवलं आणि थोरलीच्या हातात सर्व्हिसचे पैसे, एक भिंतीवरचं घड्याळ आणि एक आभाराचं पत्र ठेवलं. पत्रात तिच्या नावाची मात्रा चुकली होती. तिचा नवरा छापखान्यात मुद्रितं तपासायचा. त्याने खिशातला लाल पेन काढून ती मात्रा दुरुस्त केली. त्या दिवशी घरात तेवढंच हसू झालं.

पंधरा दिवसांनी बाकावरचा एक खोकेवाला पत्ता शोधत घरी आला. त्याला कागद आणायला पैसे हवे होते आणि त्याची सहा बिलं कंपनीकडे पडून होती. "बाई, तुम्हाला या बिलांची नाडी कळते. यांच्यावर आज पैसे देईल असा कुणी आहे का?"

असा एक होता. बिलं वटवून देणारी एक फायनान्स कंपनी बाजारपेठेत होती. थोरली खोकेवाल्याला घेऊन तिथे गेली. तिथल्या साहेबांना तिने बिलं एकेक करून दाखवली, कुठलं कधी सुटेल ते तारखेसकट सांगितलं, आणि तारखा खऱ्या ठरल्या. दुसऱ्या खेपेला साहेबांनी तिच्यापुढे कमिशनचं पाकीट सरकवलं. "बाई, असे आणखी आणा."

अशी ती दलाल झाली. लोक तिला बिलवाल्या बाई म्हणू लागले.

वर्षभरात कामाचा पसारा एकटीला आवरेना. फोन सतत वाजायचा, आणि थोरलीचा फोनवरचा आवाज म्हणजे सरकारी नोटीस. समोरचा माणूस दोन वाक्यांत गप्प व्हायचा. त्याच घरात वरच्या मजल्यावर तिची धाकटी जाऊ राहायची. लग्न होऊन आली तेव्हा अठरा वर्षांची होती. थोरलीनेच तिला गॅस पेटवण्यापासून बँकेचा फॉर्म भरण्यापर्यंत सगळं शिकवलेलं. धाकटीच्या बोलण्यात मात्र जादू होती. चुकीचा नंबर लागला तरी पलीकडचा माणूस पाच मिनिटं बोलून, स्वतःच्या मुलीचं लग्न कुठे ठरतंय ते सांगून मग फोन ठेवायचा.

"अगं, दुपारी झोपतेस त्यापेक्षा खाली येऊन बस," थोरली म्हणाली.

"मी झोपत नाही हो ताई, पडून विचार करते."

"मग इथे बसून कर. पैसे मिळतील."

ती आली आणि धंद्याला पाय फुटले. दोन वर्षं दोघींनी नुसती दलाली केली. मग एके दिवशी थोरली म्हणाली, "बिलं आपण शोधायची, पारखायची, आणि मलई साहेबांनी खायची. आपणच का वटवू नयेत?"

तिने सर्व्हिसचे नऊ लाख काढले. धाकटीने माहेरच्या जागेच्या हिश्शाचे चार लाख घातले. जुन्या कचेरीतल्या तिघी मैत्रिणी, तिघीही तिच्याबरोबरच घरी बसलेल्या, दोन-दोन लाख घेऊन आल्या. "तू आहेस ना, मग झालं," एवढंच त्या म्हणाल्या. एकीने तर पावतीही मागितली नाही. थोरलीने ती मागे लागून दिली.

काम सरळ होतं. कारखानदाराने माल दिला, बिल केलं. बिल शंभराचं असेल तर या त्याला आज ऐंशी द्यायच्या. घेणाऱ्याला पत्र जायचं, की पैसे आता आमच्या खात्यात भरा. दोन-तीन महिन्यांनी शंभर आले की आपले तीन-चार कापून उरलेले कारखानदाराला परत. सगळा धंदा एका प्रश्नावर उभा होता: माल खरंच पोचला का? म्हणून पैसे देण्याआधी माल घेणाऱ्याला फोन करायचा, आणि कोण बोललं, काय बोललं, किती वाजता बोललं, ते एका जाड वहीत लिहायचं. फोन धाकटी करायची. वही धाकटी लिहायची. थोरली ती वही वाचून चेक फाडायची.

तीन वर्षांत नऊ गिऱ्हाइकांची चौतीस झाली. खालच्या मजल्यावरची बैठकीची खोली कचेरी झाली. थोरलीच्या नवऱ्याने आपली आरामखुर्ची तक्रार न करता आतल्या खोलीत नेली. गिऱ्हाइकांत सगळ्यांत मोठा होता चादरवाला. दवाखान्यांना चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे अंगरखे पुरवायचा. गोरागोमटा, हसतमुख, प्रत्येक वेळी दारातून आत येताना चपला नीट जोडीने काढून ठेवणारा. तो थोरलीला बाई म्हणायचा आणि धाकटीला ताई. एका मोठ्या दवाखान्याची चार हजार चादरींची ऑर्डर त्याला मिळाली, तेव्हा त्याची बिलं यांच्याकडे एकामागून एक येऊ लागली.

त्याच सुमारास धाकटी एका दुपारी समोर येऊन बसली आणि नखं बघत राहिली.

"बोल की."

"ताई, पोरीच्या कॉलेजचं ठरलं. बाहेरगावी. वसतिगृह, फी… मला माझा हिस्सा काढून घ्यावा लागेल. मला लाज वाटते हो मागायला."

"लाज कसली? तुझेच आहेत."

हिशेब केला तर चाराचे साडेसहा झाले होते. एवढे एकदम काढणं जड होतं. फायनान्सवाल्या साहेबांनी हप्त्याहप्त्याने द्या म्हणून सल्ला दिला. पण पोरीची फी भरायची आणि आपण हप्ते काय सांगायचे? थोरलीने स्वतःच्या दोन सोन्याच्या बांगड्या विकल्या, खात्यातली शिल्लक खरवडली आणि आठ दिवसांत सगळे पैसे धाकटीच्या हातात ठेवले. वर पोरीला एक चांगली सुटकेस घेऊन दिली. धाकटी रडली. थोरलीने तिला जवळ घेतलं आणि म्हणाली, "पगारावर काम कर आता, पैसे जमले की पुन्हा घाल. जागा तुझी आहे."

यानंतर चार महिन्यांनी दवाखान्याचे पैसे यायचे थांबले.

पहिले दहा दिवस थोरलीने मनावर घेतलं नाही. दवाखाने उशीर करतातच. वीस दिवस झाले तेव्हा तिने वही काढली. चादरवाल्याची सात बिलं बाकी होती आणि त्यांवर सोळा लाख दिलेले. धाकटी तेव्हा मुलीच्या वसतिगृहात तिला भेटायला गेली होती. फोनवर गोड बोलणं आपल्याला जमत नाही हे थोरलीला माहीत होतं, म्हणून तिने पर्स उचलली आणि ती सरळ दवाखान्यात गेली.

भांडार तळघरात होतं. फिनेलचा वास, लोखंडी मांडण्या, आणि एका टेबलामागे गुडघ्याला पट्टा बांधलेला, चष्मा कपाळावर चढवलेला स्टोअरकीपर. थोरलीने सातही बिलं त्याच्यापुढे मांडली. त्याने चष्मा खाली ओढला, बिलं पाहिली, आणि तिच्याकडे पाहिलं.

"बाई, हा माल आलाच नाही."

"कुठला नाही आला?"

"कुठलाच नाही. वर्षाच्या सुरुवातीला सहाशे चादरी आल्या, त्यांचे पैसे आम्ही दिले. त्यानंतर एक उशीचा अभ्रासुद्धा नाही. आणि हे अंगरख्यांचं बिल, अंगरखे आम्ही मागवलेच नाहीत."

थोरलीने चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. एकोणीस वर्षांची सवय होती. "काहीतरी घोटाळा होतोय. आमच्याकडून तुम्हाला दर वेळी फोन येतो. तुम्हीच सांगितलंय, माल पोचला म्हणून."

"मी?" स्टोअरकीपर दुखावला. "तुमच्या त्या बाई ना, गोड बोलतात त्या? पहिल्या फोनलाच मी त्यांना सांगितलं, माल नाही आला. दुसऱ्यांदा सांगितलं. तिसऱ्यांदा मीच विचारलं, अहो, तो चादरवाला आहे का पळाला? त्यावर त्यांनी माझ्या गुडघ्याची चौकशी केली. तेल कुठलं लावायचं तेही सांगितलं. चांगल्या आहेत हो बाई. पण मी माल पोचला म्हणून कशाला सांगेन? माझी नोकरी आहे."

त्याने आपली आवकजावकीची वही तिच्यापुढे फिरवली. थोरलीने पानं चाळली. चादरींची एकच नोंद होती, सहाशेची.

घरी येऊन तिने दार लावून घेतलं आणि धाकटीची जाड वही उघडली. धाकटीचं अक्षर सुरेख होतं, थोरलीनेच तिला अर्ज लिहायला लावून लावून वळवलेलं. "माल पोचला. स्टोअरकीपर स्वतः बोलले. स. ११.२०." "माल पोचला. नग मोजून घेतले. दु. ३.०५." सात वेळा. एके ठिकाणी तर, "मालाची प्रत चांगली असल्याचे म्हणाले."

मग तिने बँकेची पानं काढली. सहाशे चादरींचे पैसे दवाखान्याच्या खात्यातून आले होते; त्यानंतर या सात बिलांपोटी अधूनमधून जे थोडेथोडे भरले गेले, ते मात्र चादरवाल्याच्या स्वतःच्या खात्यातून. यांच्याकडून नव्या बिलावर पैसे घ्यायचे आणि त्यातलेच जुन्या बिलापोटी भरायचे. बँकेची पानं तिच्याच टेबलावर यायची. भरलेला आकडा तेवढा तिने पाहिला होता. कुणी भरले, ते पाहिलं नव्हतं. हिशेब खात्यात एखाद्या कारकुनाने असं केलं असतं तर तिने त्याला उभं-आडवं घेतलं असतं.

तरीही तोवर तिच्या मनाचा एक कोपरा धाकटीची बाजू घेत होता. बिचारी घाबरली असेल. त्या माणसाने फसवलं असेल. चूक झाली असेल आणि सांगायला जीभ रेटली नसेल. मग तिची नजर पहिल्या खोट्या नोंदीच्या तारखेवर गेली. तिने दुसरी वही ओढली, ज्यात भागीदारीचे हिशेब होते. धाकटीने आपले साडेसहा लाख मागितले ती तारीख त्यानंतर बरोब्बर तीन आठवड्यांची होती.

थोरली कितीतरी वेळ दोन्ही तारखांवर दोन बोटं ठेवून बसून राहिली.

धाकटी दोन दिवसांनी परत आली. बॅग वर न नेता आधी कचेरीत डोकावली. "ताई, पोरगी अशी रोडावली आहे ना…" आणि टेबलावरच्या उघड्या वह्या पाहून ती थांबली.

"बस," थोरली म्हणाली.

धाकटी बसली. बॅग तिने मांडीवरच ठेवली.

"मी दवाखान्यात जाऊन आले."

धाकटी हळू आवाजात म्हणाली, "पहिल्यांदा त्याने फक्त एक आठवडा मागितला होता. म्हणाला, कापड आलंय, कारागिरांचे पगार थकलेत, आठवड्याभरात माल जातोच. रडला माझ्यासमोर. मी लिहून टाकलं. आठवड्याने माल गेला असता तर कुणाला कळलंही नसतं."

"गेला नाही."

"नाही गेला. मग मी विचारलं तर म्हणाला, आता बोललात तर पहिली नोंद तुमच्या हातची आहे."

"मला सांगायचंस."

"दोनदा खाली आले होते सांगायला. एकदा तुम्ही दारावरची नवी पाटी रंगवून आणली होती, सगळ्यांना दाखवत होता. दुसऱ्यांदा तुमच्या त्या मैत्रिणी बसल्या होत्या. तुम्ही त्यांना सांगत होता, आमच्याकडे एक पैसा बुडत नाही म्हणून." ती वर बघेना. "तुम्ही मला जिवंत सोडलं नसतं, ताई."

"ओरडले असते. चार दिवस बोलले नसते. मग दोघी मिळून निस्तरलं असतं. तेव्हा एकच बिल होतं, दोन लाखांचं. निस्तरलं असतं की नाही?"

धाकटीने समोरची उघडी वही मिटली.

"बरं, तेही सोड. घाबरलीस, समजलं मला. पण पैसे काढून घेतलेस ते? तुला ठाऊक होतं हे बुडणार. तुझे तेवढे तू अलगद काढलेस. माझ्या बांगड्या विकायला सराफाकडे माझ्याबरोबर तूच आली होतीस ना? माझ्या शेजारी बसून तू त्याच्याशी भावाची घासाघीस केलीस!" थोरलीचा आवाज चिरकला. तो आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला.

"ते माझ्या पोरीचे होते."

"आणि माझे?"

धाकटीने आता पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज कोरडा होता. "तुम्ही उभ्या राहाल, ताई. तुम्हाला सगळं येतं. सगळे तुम्हालाच ओळखतात. बिलवाल्या बाई, बिलवाल्या बाई. मला काय येतं? फोनवर बोलता येतं. माझे ते साडेसहा लाख गेले असते तर माझ्याकडे काय राहिलं असतं?"

थोरलीला वाटलं होतं ती पाया पडेल, माफी मागेल. तसं काही झालं नाही. धाकटी बॅग उचलून वर गेली आणि जिन्यावर तिची पावलं नेहमीसारखीच वाजली.

संध्याकाळी नवरा छापखान्यातून आला. थोरलीने त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत होता, पण एकदाही "काय म्हणतेस?" असं म्हणाला नाही. कुठल्याही वाक्याला दचकला नाही. चोवीस वर्षांचा संसार. थोरलीला माणूस कळत होता.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"सगळं नाही गं." त्याने चष्मा काढून पुसायला घेतला. "धाकट्याने तेव्हा सांगितलं होतं, आम्ही आमचे पैसे काढतोय, तिथे जरा डळमळीत आहे, वहिनीलाही सांभाळून राहायला सांग. एवढंच."

"मग सांगितलं का नाहीत?"

"मला वाटलं, तू म्हणशील मत्सराने बोलतायत. जावाजावांत वितुष्ट आलं असतं, घराचे दोन तुकडे झाले असते. मला वाटलं, तुझं तुला कळेलच. तुझ्या नजरेतून कधी काही सुटतं का?"

दुसऱ्याच्या पुस्तकातला एक स्वल्पविराम चुकला तरी या माणसाला चैन पडत नसे. थोरलीने त्याच्या पुढ्यातला चहाचा कप उचलला, अर्धा भरलेला होता तसाच मोरीत ओतला आणि ती आतल्या खोलीत गेली. धाकटीवर ती निदान ओरडली होती. नवऱ्यावर ओरडायला तिच्यात त्राणच उरलं नव्हतं.

पण रडत बसायला सवड नव्हती. त्या सोळा लाखांत सहा लाख तिघी मैत्रिणींचे होते.

सकाळी ती चादरवाल्याच्या घरी गेली. तो आजारी म्हणून पांघरूण घेऊन पडला होता. बायकोने "ताप आहे" म्हणून सांगितलं. थोरलीने त्याच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गार होतं.

"उठा," ती म्हणाली. "मला दोन गोष्टी खऱ्या सांगा. कापड किती आहे आणि कारागिरांचे किती थकलेत?"

पोलीस, वकील, बेअब्रू असं सगळं ऐकायची तयारी करून पडलेला माणूस हा प्रश्न ऐकून गोंधळला. पैसे एका नातेवाइकाबरोबर कापडाच्या सट्ट्यात गेले होते. मशिनी गहाण होत्या पण अजून जागेवर होत्या. कापड होतं, कापायच्या टेबलाखाली, साधारण दोन हजार चादरींचं.

"तुमच्या जाऊबाईंना मी सगळं सांगितलं होतं, बाई," तो उठून बसत म्हणाला. "त्यांनी मनात आणलं असतं तर मला पहिल्यांदाच अडवता आलं असतं."

ते खरं होतं, पण त्याच्या तोंडून ते ऐकताना थोरलीच्या अंगाची आग झाली. "त्यांचं नाव तुम्ही काढू नका," ती म्हणाली, आणि आपण अजूनही तिची बाजू घेतो आहोत हे लक्षात येऊन तिला स्वतःचाच राग आला.

दवाखान्याची ऑर्डर खरी होती. मुदतीला एक महिना बाकी होता. पैसे आमच्या खात्यात भरा हे पत्र दवाखान्यात आधीच लागलेलं होतं. म्हणजे माल गेला तर पैसे तिच्याकडेच येणार होते. तिने चादरवाल्याकडून सहीशिक्क्याने सगळं लिहून घेतलं आणि कारखाना गाठला. तिथे कुलूप होतं. शेजाऱ्याकडून कटिंग मास्तरचा पत्ता काढला.

मास्तर साठीचा, कानावर खडू अडकवलेला. दारातूनच म्हणाला, "आमचे दहा आठवड्यांचे थकलेत. आता कुणी सोन्याची चादर शिवायला सांगितली तरी हात लावणार नाही."

"थकलेले मी देऊ शकत नाही," थोरली म्हणाली. "पुढचे मात्र देते, रोजचे रोज, काम संपलं की हातावर. शेवटी काही उरलं तर थकलेल्यातले निम्मे."

"आणि तुमच्यावर विश्वास का ठेवायचा?"

"नका ठेवू. पहिल्या दिवशी चारच जणी आणा. संध्याकाळी पैसे मिळाले तर दुसऱ्या दिवशी बाकीच्या."

पहिल्या संध्याकाळी चौघींना पैसे मिळाले आणि दुसऱ्या दिवशी अकरा जणी आल्या. बावीस दिवस थोरली त्या कारखान्यात स्टूल टाकून बसली. कापडाच्या तंतूंनी तिला खोकला धरला. घडी घातलेली प्रत्येक चादर ती स्वतः मोजायची. एकोणीसशे चाळीस चादरी झाल्या. त्या तिने टेम्पोतून दवाखान्यात नेल्या आणि स्टोअरकीपरने त्या उतरवून, मोजून, आपल्या वहीत लिहून, शिक्का मारून दिला तेव्हा ती तळघरात एका बाकावर बसली आणि पाच मिनिटं उठलीच नाही. स्टोअरकीपरने पाणी आणून दिलं. "त्या दुसऱ्या बाई बऱ्या आहेत ना?" त्याने सहज विचारलं. "बऱ्या आहेत," थोरली म्हणाली.

मजुरी आणि मास्तरच्या लोकांचे निम्मे थकलेले जाऊन सव्वापाच लाख हाती आले. ते तिने तिघी मैत्रिणींना समान वाटले. राहिलेले पाऊण लाख पुढे देते म्हणून सांगितलं. एक म्हणाली, राहू दे. दुसरीने तिचा हात धरला. तिसरीने, जिने पावती मागितली नव्हती तिनेच, नोटा दोनदा मोजल्या आणि ती निरोप न घेता गेली. बिलं वटवण्याचं काम बंद झालं. थोरली पुन्हा साहेबांकडे दलालीचे कागद घेऊन जाऊ लागली.

दोन महिन्यांनी त्याच साहेबांचा फोन आला. "बाई, आमच्याकडे खातरजमेच्या फोनवर माणूस हवाय. तुमच्या जाऊबाईंचा अर्ज आलाय. तुमच्याकडे पाच वर्षं होत्या म्हणे. आवाज छान आहे. घेऊ ना?"

नवरा समोरच बसला होता. त्याने कान टवकारले आणि हाताने खूण केली, जाऊ दे, सोड.

दिराच्या नोकरीचं काही खरं नव्हतं, हे थोरलीला माहीत होतं. पोरीची दोन वर्षं बाकी होती, तेही माहीत होतं. तिने श्वास घेतला. "साहेब, फोनवर तिच्यासारखं कुणी बोलत नाही. पण माझ्याकडे तिने सात वेळा न पोचलेला माल पोचला म्हणून लिहिला. सोळा लाखांची बिलं होती. आता तुम्ही ठरवा."

फोन ठेवल्यावर नवरा म्हणाला, "थोडं झाकलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

"सहा महिने या घरात सगळ्यांनी मिळून झाकलंच की," ती म्हणाली. "मी एकटीच उघडी होते."

धाकटीला ती नोकरी मिळाली नाही. महिनाभरात त्यांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला भाड्याने घर घेतलं. सामान उतरवताना कपाट जिन्यात अडकलं, तेव्हा दीर खालून "वहिनी, जरा दार सताड उघडता का?" म्हणून ओरडला. थोरलीने जाऊन दार उघडून धरलं. धाकटी तिच्या शेजारून दोन हातांत भांड्यांचं खोकं घेऊन गेली. दोघींच्या बाह्या एकमेकींना लागल्या.

पुढच्या वर्षी मैत्रिणींचे राहिलेले पाऊण लाख फिटले. ज्या दिवशी शेवटचा हप्ता दिला त्या दिवशी मोकळं वाटेल असं तिला वाटत होतं, पण नुसती भूक लागली.

सुट्टीत एकदा पुतणी आली. ती एकटीच आली होती, न सांगता. केस कापले होते, अंगाने भरली होती. "काकू," म्हणून तिने दारातच मिठी मारली. थोरलीने तिला चहा केला, बिस्किटं काढली, अभ्यासाचं विचारलं. पोरगी भराभर बोलत होती. परीक्षा, खोलीतल्या मैत्रिणी, खाणावळीतलं पाणचट जेवण. मधेच म्हणाली, "माझ्यामुळे झालं ना सगळं? माझ्या फीमुळे?"

"नाही गं," थोरली म्हणाली. "तुझी फी मी अशीही भरली असती. मागितली असती तर."

पोरगी मान खाली घालून बिस्किटाचे तुकडे करत राहिली. निघताना तिने विचारलं, "आईला काही सांगू?"

थोरली दाराच्या कडेला हात ठेवून उभी होती. सांगायला खूप होतं. खोकला अजून जात नाही, हे सांगायचं होतं. फोन वाजला की आपण अजून क्षणभर थांबतो, ती उचलेल म्हणून, हेही सांगायचं होतं.

"आईला सांग," ती म्हणाली आणि थांबली. पोरगी वाट पाहत होती.

"काही नको सांगूस. जा, तुझी बस जाईल."